री लावला की परत

नर्सबाई आपल्या वडिलांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी घेऊन गेल्या, तेव्हा घराची किल्ली मिस्त्रींकडे ठेवून गेल्या. निघताना घाईघाईत स्वयंपाकघर आणि वडिलांची खोली यांच्यामधल्या आडभिंतीवर चिठ्ठी चिकटवली. इंग्रजीत तीनच शब्द : 'रिबिल्ड धिस वॉल.'

मिस्त्रींनी ती ऐटीत वाचली. "बिल्ड म्हणजे बांधा. भिंत बांधा म्हणतायत."

"ती तर उभीच आहे की!" बायको म्हणाली. त्यांच्यासाठी सिमेंट-वाळूचा माल कालवायचं काम तिचंच. "आणि सुरुवातीला ते 'री' कशाला?"

"कुणाची तरी री ओढायची सवयच असते लोकांना. ही भिंत फुगलीय, म्हणून पुढ्यात दुसरी हवी असेल. तू माल कालव."

चार दिवसांत जुन्या भिंतीपासून हातभर अंतर सोडून स्वयंपाकघराच्या बाजूला नवी भिंत उभी राहिली. ओळंब्यात, सुतासारखी सरळ.

पाचव्या दिवशी नर्सबाई वडिलांना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आल्या आणि थबकल्याच. "मिस्त्री, अहो हे काय? जुनी पाडून परत बांधा म्हटलं होतं मी!"

मिस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला. हातोडा उचलून ते तडक नव्या भिंतीकडे निघाले.

तोवर वडील खुर्ची ढकलत आपल्या खोलीत गेले होते. भिंतीपलीकडून त्यांची हाक आली. खोली बोळासारखी अरुंद. त्यांची खुर्ची पलंगापाशी अडकली होती, वळता वळत नव्हती. "थांबा! जुनीच पाडा. तेवढी जागा मला येईल!"

नर्सबाई हसल्या. "पाडा मग. स्वयंपाकघर काय, मोप मोठं आहे."

नवरा-बायको जुन्या विटा उतरवू लागले आणि वडील शिकवू लागले. उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला. "शब्दाआधी 'री' लावला की परत. पडलेलं, मोडलेलं पुन्हा उभं करायचं. घर, पूल, तब्येत, विश्वास, सगळ्याला चालतं. पण काम झाल्यावर 'रिबिल्डेड' नाही म्हणायचं. रिबिल्ट!"

"म्हणजे तुमचा गुडघा रिबिल्ट?" मिस्त्रींच्या बायकोनं विचारलं.

"पैकीच्या पैकी!" मास्तर ओरडले. मिस्त्री वीट हातात धरून बायकोकडे बघतच राहिले.

संध्याकाळपर्यंत जुनी भिंत उतरली आणि नवीला खोलीच्या बाजूनं गिलावा झाला. तो ओला होता तरी मास्तरांना दम निघेना. त्यांनी चाकं फिरवली. एक पूर्ण गोल. मग दुसरा. तिसऱ्याला चाक भिंतीला घासून लांबलचक रेघ उमटली. मिस्त्री थापी घेऊन धावले.

"राहू द्या हो," मास्तर म्हणाले आणि चौथ्या फेरीला लागले.