वाट दिसली पाहिजे

मुलांनो, डोळे मिटा आणि एक टेकडी मनात आणा. फार उंच नको. चढताना जरा धाप लागेल इतपत. पायथ्याशी डांबरी रस्ता, रस्त्याकडेला चपलाबूट दुरुस्त करायचं दुकान, आणि दुकानाच्या मागच्या दारातून निघून टेकडीच्या उतारावर जाणारी एक वाट. वाट म्हटल्याबरोबर तुम्ही मातीची तांबडी रेघ काढली असेल. ती पुसून टाका पाहू. ही वाट डोळ्यांना दिसत नाही. तिथं नुसतं गवत आहे. धावणाऱ्यांना मात्र ती पाठ आहे : दोन मोठ्या दगडांमधून वर, मग आडवं, मग ओढ्यावरून उडी, आणि वळसा घेऊन खाली.

दुकान होतं मावशीचं. आणि भिंगरी तिची भाची. पोरीचं खरं नाव फक्त शाळेतल्या हजेरीपुरतं. पायाला भिंगरी बांधल्यासारखी ती सदा पळत असे, म्हणून घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत. शाळा सुटली की ती दुकानात यायची, दप्तर बाकाखाली सरकवायची आणि डिंकाच्या वासात बसून मावशीचं काम संपायची वाट बघायची. मावशी शेवटची टाच ठोकायची, हात पुसायची, बुटांच्या नाड्या आवळायची आणि म्हणायची, "चल गं. बघू आज कोण कुणाला दमवतंय."

मावशीचे गुडघे वाईट होते. डांबरावर जरा धावलं तरी ठणकून रडवायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, धावायचं असेल तर मऊ जमिनीवर, नाहीतर विसरा. आणि आसपास मऊ जमीन उरली होती ती एवढीच. बाकी सगळी नांगरलेली शेतं, नाहीतर तारा. मावशीला कुठली शर्यत जिंकायची नव्हती. पण त्या उतारावर धावताना ती गुणगुणायची, आणि एरवी ती कधीच गुणगुणत नसे.

मावशीचा एक नियम होता. पाऊल एका रेघेत टाकायचं नाही. आज हातभर वरून जायचं, उद्या हातभर खालून.

"एकाच जागी पाय पडत राहिले की गवत मरतं," ती सांगायची. "मग पाऊस तिथूनच वाहतो आणि वाटेचा नाला होतो. आपण येऊन गेलो हे टेकडीला कळता कामा नये. कळलं का, हत्तीच्या पिल्ला?"

"मी हत्ती नाही. तूच धापा टाकतेस."

"मी धापा टाकत नाही, टेकडीशी बोलते."

कुठं जमीन उघडी पडलीच, तर दोघी ती हातांनी भुसभुशीत करायच्या, गवताचं बी टाकायच्या आणि वर कापलेलं गवत पसरायच्या. एक जागा तेवढी कधी भरली नाही. ओढा जिथं अरुंद होता तिथं सगळ्यांना एकाच ठिकाणाहून उडी मारावी लागे. मावशी लहान होती तेव्हापासून तिथली माती पायांनी दाबून दाबून दगडासारखी झाली होती.

एकदा दुपारी भिंगरीची आई दुकानात आली. ती कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. हात अजून ओलेच होते.

"ऐकलंस का? टेकडी विकली गेली. कुंपण घालणार आणि खडी फोडणार."

मावशीच्या हातातला हातोडा थांबला. "आणि आपली वाट?"

"उद्या मोजणीदार येणार आहे वाट बघायला. वाट असली तर ती सोडून कुंपण घालावं लागतं म्हणे."

"मग झालं तर," मावशी म्हणाली आणि पुन्हा टाच ठोकू लागली. "वाट तर आहेच की, ताई."

भिंगरीनं एवढंच ऐकलं : उद्या कुणीतरी वाट बघायला येणार आहे. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो? घर आवरतो. भिंगरी कुणालाही न सांगता मागच्या दारातली कुदळ घेऊन टेकडीवर गेली. ओढ्याकाठची ती टणक जागा तिनं खणली, ढेकळं फोडली, बाजूच्या गवताचे मुळासकट गड्डे आणून तिथं बसवले, आणि ओंजळीनं पाणी घातलं. उठली तेव्हा तळहाताला फोड आले होते. पण जागा अशी हिरवीगार दिसत होती, की तिथं कधी कुणाचं पाऊल पडलं असेल असं वाटू नये.

दुसऱ्या दिवशी मोजणीदार आला. जाडसर, घामाघूम, नवे बूट चावत असलेला माणूस.

"बूट एक नंबर लहान घेतलेत, साहेब," मावशी म्हणाली.

"बायकोनं घेतलेत. तिला सांगायची हिंमत तुमची असेल तर सांगा." तो हसला, टेकडीकडे बघून त्यानं कपाळ पुसलं. "चला, दाखवा वाट."

मावशी पुढं, तो मागं, आणि भिंगरी कधी पुढं, कधी मागं. मोठ्या दगडांपाशी तो थांबला.

"कुठं आहे?"

"हीच की. आपण चाललोय तीच."

"बाई, हे गवत आहे." तो सावकाश बोलत होता, समजावून सांगितल्यासारखा. "लोकांची जुनी वहिवाट असेल तर मालकाला ती बंद करता येत नाही. पण वहिवाट जमिनीवर दिसली पाहिजे. आम्ही इथून जातो, असं सांगणारे काय, पुष्कळ मिळतात."

मावशीचा चेहरा पहिल्यांदा उतरला. तिनं मागं वळून उताराकडे पाहिलं. इतकी वर्षं जपलेलं गवत वाऱ्यावर हलत होतं. मग तिला आठवलं.

"ओढ्यापाशी चला. तिथं दिसेल तुम्हाला. तिथं सिमेंट ओतल्यासारखी जमीन झालीय."

ती इतक्या घाईनं निघाली की मोजणीदार मागं पडला. ओढ्याकाठी पोचली आणि नुसतीच उभी राहिली.

भिंगरी धावत पुढं आली. तिला वाटलं, मावशी खूश होऊन गप्प झाली. "मी केलं! काल! एकटीनं. बघ, पाणीपण घातलंय."

मोजणीदारानं वाकून गवताचा एक गड्डा उचलला. तो सहज हातात आला. खाली खणलेली माती होती. त्यानं तो परत जागेवर ठेवला आणि बोटं झटकली.

"इथंच होती, साहेब. पोरीनं कालच..."

"माझा विश्वास आहे, बाई. मलाही एवढीच मुलगी आहे. पण उद्या मालकानं विचारलं, कुठं आहे वाट, तर मी त्याला काय दाखवू? खणलेली माती?"

मावशीनं पुष्कळ सांगून पाहिलं. आई नंतर दोनदा त्याच्या वरच्या साहेबांकडे जाऊन आली. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त घाईत. मुलांनो, अशा वेळी गोष्टीत कुणीतरी म्हातारा येतो आणि जुनी खूण दाखवतो. इथं तसं कुणी आलं नाही. जे त्या वाटेनं धावायचे ते केव्हाच शहरात निघून गेले होते.

आई दुसऱ्यांदा जाऊन आली त्या संध्याकाळी मावशी दुकानात खाली मान घालून काम करत होती. भिंगरी बाकावर.

"मावशी, मला ओरड ना."

"कशाला? मी शिकवलं तेच केलंस तू. नीट केलंस."

"मग असं कसं झालं?"

मावशीनं हातातलं काम खाली ठेवलं. "नीट केलेलं दरवेळी कामी येतंच असं नसतं, बाळा." मग तिनं खुंटीवरचे आपले धावायचे बूट काढले, त्यांच्या नाड्या सोडवल्या आणि एका गिऱ्हाइकाच्या दुरुस्त केलेल्या बुटांत ओवायला घेतल्या. "चांगल्या आहेत अजून. वाया कशाला घालवायच्या?"

भिंगरीला रडायचं होतं, पण मावशीच रडत नव्हती, म्हणून तिलाही रडता येईना.

सुट्टीच्या दिवशी कुंपणाचे खांब घेऊन माणसं आली. भिंगरी त्यांच्या आधीच उतारावर होती. पायात शाळेचे बूट, टणक टाचांचे. ती धावत नव्हती. ती टाचा आपटत सरळ एका रेघेत चालत होती, ओढ्यापर्यंत, आणि वळून परत त्याच रेघेतून.

मावशी मागच्या दारात आली. "भिंगरे, आता काही उपयोग नाही गं. तो माणूस परत बघायला यायचा नाही."

"माहीत आहे."

खांद्यावर खांब घेतलेला एक मजूर तिला वळसा घालून गेला. "काय गं पोरी, काही हरवलं का इथं?"

ओढ्याशी जाऊन ती वळली, गवत कुठं वाकलंय ते नीट बघितलं, आणि बरोबर त्याच जागी पुन्हा टाच रोवली.