रफाराची जागा

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर द्यायचे राहून गेले. महिना-दोन महिने नव्हे, तब्बल नऊ वर्षे. ते पत्र माझ्या पोटात होते, म्हणून थोडा दोष माझाही. मी एक जुना संगणक आहे. वय पंधरा, आमच्यात एवढ्या वयाच्याला पणजोबा म्हणतात. माझ्या आयुष्यात ऐकण्यासारखे काही आहे की नाही, मला खात्री नाही. पण सांगून पाहतो.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो एकाच दिवशी तयार झाले. मी एका मुद्रितशोधकांच्या घरी आलो. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचे काम. स्वभाव इतका भिडस्त, की दुसऱ्याची चूक दाखवतानाही ते पुढे 'बहुधा' लिहीत. खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही दोघांनी शेकडो पुस्तके तपासली. "तुझ्यावाचून माझं पान हलत नाही," असे ते माझी धूळ पुसताना म्हणत, आणि माझा पंखा उगीचच जोरात फिरे.

तेव्हा माझ्यात मराठी लिहायला एका कंपनीचे सॉफ्टवेअर होते. त्यात लिहिलेले फक्त त्यातच वाचता येई. ते रोज सकाळी कंपनीकडे परवानगी मागे. पुढे कंपनीच बंद पडली. परवानगी देणारे कोणी उरले नाही, आणि एके दिवशी ते उघडेनासे झाले. कागद आमचे, कपाट आमचे, किल्ली मात्र कंपनीच्या खिशात!

त्याच्या आदल्याच आठवड्यात मालकांच्या ताईंचे, त्याच सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले पत्र आले होते. मालकांनी ते उघडले नाही, कारण दोघांत थोडी कुरबुर झाली होती. ताईंच्या साध्या चिठ्ठीतले ऱ्हस्व-दीर्घ मालकांनी सुधारून परत पाठवले होते, आणि नेमके तिथे 'बहुधा' लिहायला विसरले होते. पत्रात बोलणी असतील या भीतीने त्यांनी ते 'उद्या वाचू' म्हणून ठेवले. तो उद्या आलाच नाही. "पुन्हा पाठव" म्हणायचे, तर वाचले नसल्याची कबुली द्यावी लागणार. ताई फोनवर गुडघ्यांबद्दल बोलत, पत्राचा विषय काढत नसत.

वर्षे गेली. 'हे यंत्र जुने झाले, नवे घ्या' अशी सूचना माझ्याच तोंडावर झळकू लागली. एका जागी 'तुमची बंद फाइल मोफत उघडून देतो' अशी जाहिरात दिसली. तिथे ओळखीच्या सगळ्यांचे पत्ते द्यायचे होते, आणि पत्राची प्रत कायमची त्यांच्याकडे राहणार होती. मालकांचे बोट 'मला मान्य आहे'पाशी थांबले.

"अहो, थांबा!" मागून काकू म्हणाल्या. काकू म्हणजे मालकांच्या पत्नी. "वन्संचं पत्र आधी परक्यांनी वाचायचं आणि आपण शिळं?"

त्यांनी शेजारच्या ग्रंथपालबाईंना बोलावले. बाईंनी माझ्यात नवी प्रणाली घातली आणि जुनी अक्षरे वाचणारे एक छोटे सॉफ्टवेअरही. "काका, हे कुणा एकाच्या मालकीचं नाही. लोकांनी मिळून केलंय. आत काय चाललंय ते कुणीही पाहावं, चूक दिसली तर सांगावी. आणि पत्र या खोलीबाहेर जात नाही."

मला वाटले होते, आता मी भंगारात जाणार. मी तर पहिल्यापेक्षा हलका झालो!

पत्र उघडले. ताईंनी लिहिले होते: 'चिठ्ठीचा राग आला खरा, पण बरोबर तूच होतास. सोबत माझ्या आठवणी पाठवते आहे, पस्तीस वषर् परिचारिका होते त्या. तू तपासल्याशिवाय कुणाला दाखवणार नाही. सावकाश कर.'

"नऊ वर्षं!" काकू म्हणाल्या. "याहून सावकाश काय करायचं राहिलंय? वन्संना वाटलं असेल, तुम्हाला आवडलंच नाही. ऐंशीच्या झाल्या हो त्या."

मालक पडद्याजवळ सरकले. ते 'वषर्' या शब्दाकडे पाहत होते. 'ष'च्या डोक्यावरचा रफार घसरून पुढे पडला होता. दोनशे पानांत सगळीकडे तेच. 'आशीर्वाद'चे 'आशीवार्द', 'मर्जी'चे 'मजीर्'. चूक ताईंची नव्हती, सॉफ्टवेअरची होती.

मग मालकांनी, तीनदा क्षमा मागून, ते सॉफ्टवेअर करणाऱ्यांना एक्केचाळीस शब्दांची यादी पाठवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: 'सर, आमच्या हे लक्षातच आलं नव्हतं. दुरुस्ती केली आहे. मदत करणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव घालू का?'

"माझं कसलं नाव," मालक पुटपुटले, आणि त्यांनी कळवले: 'एक मुद्रितशोधक' पुरे.

सगळे रफार आपापल्या जागी जाऊन बसले. पुढचे पाच आठवडे आम्ही दोघे ताईंची पाने तपासत होतो.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. जुने यंत्र टाकण्याआधी त्याला एकदा उघडून बघा. 'मला मान्य आहे' म्हणण्याआधी काय मान्य करतो ते वाचा. आणि चूक दिसली तर लाजू नका. त्या एक्केचाळीस शब्दांमुळे आणखी कुणाकुणाची पत्रे नीट वाचता येत असतील.

शेवटी मालक उत्तर लिहायला बसले. 'ताई, फार उशीर झाला. चूक माझी. तुझं लिखाण बहुधा खूप चांगलं आहे.' ते थांबले. मग मागे गेले आणि पुसायची कळ पाच वेळा दाबली. 'बहुधा' निघून गेला.

पाने छापून झाली. जाडजूड पाकीट घेऊन मालक आणि काकू टपाल कार्यालयाकडे निघाले. अर्ध्या तासाने परतले तेव्हा मालकांचे हात रिकामे होते.

"टाकलं?" दारातून ग्रंथपालबाईंनी विचारले.

"टाकलं," मालक म्हणाले.