हौशाच्या डोळ्यांचा तपास

सोमवारी सकाळी हौशा गव्हाणीवर धडकला. जयवंता शेण काढत होती; तिला वाटलं, कुत्रं अजून झोपेत असेल. पण तो मागे सरकला, पुन्हा तिथेच धडकला आणि चारही पाय फाकून जागच्या जागी उभा राहिला. ज्या गोठ्यात तो सहा वर्षं गाईंच्या पायांतून सुसाट पळायचा, तिथे त्याला पुढचं पाऊल टाकवेना. तिने त्याच्या तोंडापुढे हात हलवला. डोळे टक्क उघडे होते, बाहुल्या बटणाएवढ्या पसरल्या होत्या, पण पापणीसुद्धा लवली नाही.

"झुंबऱ्या," ती पुटपुटली. तपास तिथेच संपला.

अंथुर्ण्याच्या त्या वस्तीवर दोनच घरं. एक जयवंताचं; ती, मुलगा अविराज आणि पाच गाई. तारेच्या कुंपणापलीकडचं झुंबरचं. तो, त्याच्या शेळ्या आणि गावरान कोंबड्या. जयवंताचा नवरा होता तेव्हापासूनचा शेजार. साखर, विरजण, कोयता, सगळं कुंपणावरून इकडचं तिकडे व्हायचं. पण दोन महिन्यांपूर्वी हौशाने झुंबरच्या तीन कोंबड्या फाडल्या, तेव्हा झुंबर कुंपणाशी येऊन म्हणाला होता, "वैनी, बांधून घाला त्याला. न्हायतर एक दिस त्याचं डोळं काढून हातात देईन तुमच्या." त्या दिवसापासून बोलणं बंद. आता बघा, माणसाने धमकी दिली ती डोळ्यांची आणि गेले तेही डोळेच. जयवंताच्या मते फौजदाराला याहून जास्त काही लागलं नसतं.

अविराजने पिकअप काढली आणि ती हौशाला मांडीवर घेऊन जळोचीला, डॉक्टर मुबशिराच्या जनावरांच्या दवाखान्यात आली. डॉक्टर वयाने लहान, जयवंताच्या सुनेच्या वयाची म्हणा, म्हणजे सून असती तर. तिने बॅटरी मारून डोळे पाहिले, हौशाच्या पुढ्यात कापसाचा बोळा टाकून पाहिला. बोळा पडला, पण हौशाची मान त्यामागे गेली नाही.

"मावशी, हे एका रात्रीत झालंय. कशामुळे, ते कळायला हवं," डॉक्टर म्हणाली. "गेल्या दोन-तीन दिवसांत काही औषध दिलंत का? जंताचं, गोचिडाचं?"

जयवंताने हौशाच्या मानेवरून हात फिरवला. कालच्या रविवारी गोचिडाचं इंजेक्शन झालं होतं. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार वस्तीवर त्यासाठीच ठरलेला. गोचीड कुणाचं कुंपण मानत नाहीत, म्हणून दोन्ही घरांची जनावरं एकाच दिवशी टोचायची, एकाच बाटलीतून. सगळ्यात शेवटी हौशाला अर्धी सिरिंज. यंदा बोलणं नव्हतं, तर तिने आपली बाटली आणून आपल्या हाताने टोचलं, गाईंना आणि हौशालाही. पण दरसालचंच औषध ते. आजवर कधी काही झालं नव्हतं. आणि आपण ते सांगितलं, तर ही पोरगी कागदावर तेवढंच लिहील नि झुंबऱ्या सुटेल. अविराज बाहेर गाडी लावत होता, त्यामुळे टोकणारंही कुणी नव्हतं.

"न्हाय," जयवंता म्हणाली. "इख घातलंय त्याला. शेजाऱ्यानं."

"कोणतं विष?"

"ते त्यालाच ठावं."

डॉक्टरने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "डोळ्यातला पडदा निकामी झाला असेल, तर नजर परत येणार नाही. नुसती सूज असेल, किंवा कशाची बाधा असेल, तर येऊ शकते. पण कशाची ते कळेपर्यंत मला अंदाजानेच उपचार करावे लागतील. काही आठवलं तर लगेच फोन करा."

सलाईन झालं, गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले. घरातली एकही वस्तू हलवायची नाही आणि बोलत बोलतच जवळ जायचं, म्हणजे तो दचकणार नाही, असं बजावलं.

जयवंताने ते सगळं मनापासून केलं. बादली जिथे होती तिथेच ठेवली, खाट जागची हलवली नाही. "आले रे, मी हाय," असं म्हणत ती जवळ जायची, त्याचं डोकं गुडघ्यांत धरायची आणि थेंब घालायची. गोळी गुळाच्या खड्यात लपवायची. हौशा तिच्या पदराचा वास घेत बसायचा. रात्री तो भिंतीला अंग घासत दार शोधायचा, तेव्हा ती उठून त्याला दाराशी न्यायची. नवरा गेल्यानंतर घरात तिची वाट बघणारं हेच एक होतं. अविराज बिचारा चांगला, पण मोबाइलमधून मान वर काढेल तर शपथ.

आणि जेवढी सेवा, तेवढाच संशय. हौशाचं पाणी ती आधी स्वतः हुंगायची. कुंपणाखालची फट तिने दगडांनी बुजवली. डेअरीवर दूध घालायला गेली की दूध मोजणाऱ्या रामहरीच्या काट्यापुढे उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "मुक्या जनावराला इख घातलं झुंबऱ्यानं." दोन दिवसांत झुंबर डेअरीवर यायचा बंद झाला. भीत नसता तर आला असता, असं तिने रामहरीला समजावलं. रोज दुपारी तो कुंपणाशी उभा दिसायचा, तिची नजर गेली की पाठ फिरवायचा. तेही तिने पुराव्यात धरलं. बुधवारी डॉक्टरने फोन करून पुन्हा तेच विचारलं, गोचिडाचं काही दिलं होतं का. तेव्हा तर तिला डॉक्टरचाच संशय आला. हिला हे कुणी सांगितलं? झुंबऱ्याने फोन तर केला नसेल? "न्हाय म्हणलं ना बाई," असं सांगून तिने फोन ठेवला.

गुरुवारी हौशाचे मागचे पाय लटपटायला लागले. तोंडातून लाळ गळत होती. जळोचीला पुन्हा न्यायचं ठरलं, पण त्याआधी गाईंना वैरण हवी, म्हणून ती गवत कापायला गेली. परत आली तर गोठ्यात झुंबर. कुंपणाखालचे दगड बाजूला केलेले. तो जमिनीवर बसला होता, हौशाचं डोकं त्याच्या मांडीवर आणि त्याचा हात हौशाच्या तोंडाशी.

तिच्या हातात विळा होता. "काय चारतूस रं त्याला?"

झुंबर उठला नाही. पंच्याने त्याने हौशाची लाळ पुसली.

"वैनी, म्या केलं," तो म्हणाला.

चार दिवस तिला हेच ऐकायचं होतं. पण आता ते ऐकून तिला जोर आला नाही.

"रविवारी शेळ्यांस्नी टोचत हुतो. ह्यो कुंपणाखालनं आला, आपला दरसालसारखा. म्हणलं, यंदा बोलणं न्हाय, तर ह्याचं ऱ्हाऊन जाईल. कोंबड्या मारल्या म्हणून काय अंगावर गोचीड ठेवायचं व्हय? अर्धी सिरिंज दिली. दरसाल देतो तेवढीच. दुसऱ्या दिशी ह्याचं डोळं गेलं, आन् तुमी गावात इख म्हणाया लागला. मग कसं सांगू? तुमी केस केली असती माज्यावर."

जयवंताने विळा खाली ठेवला. अर्धी त्याची. अर्धी तिची. एकाच रविवारी. एकाच कुत्र्याला दोन घरांनी आठवणीने टोचलं होतं, आणि एकमेकांशी बोलायचं तेवढं सोडलं होतं. झुंबरला तिच्या अर्ध्या सिरिंजचा पत्ता नव्हता. अविराज सोडला, तर कुणालाच नव्हता; आणि त्याची मान मोबाइलमध्ये. ती गप्प राहिली, तर तिने गावभर सांगितलेलंच खरं ठरणार होतं. झुंबरने तर स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. खोटं कशाला सांगा, तेवढा विचार तिच्या मनात आला, आणि लगेच गेलाही नाही.

मग हौशाने उठायचा प्रयत्न केला आणि कुशीवर कलंडला. तिने डॉक्टरला फोन लावला.

"बाई, गोचिडाचं इंजेक्शन गेलंय त्याला."

"किती?"

झुंबर फोनकडे वाकला. "अर्धी सिरिंज. म्या दिली."

"नक्की तेवढंच?" डॉक्टरचा आवाज आला. "त्याच्या वजनाला जास्तच आहे, पण तेवढ्याने सहसा नजर जात नाही. आणखी कुणी दिलं होतं का?"

झुंबर मान हलवत होता, नाही नाही म्हणून.

"व्हय," जयवंता म्हणाली. "अर्धी म्या दिली. त्याच दिशी. तुमी इचारलं तवा मी खोटं बोलले."

झुंबरने तिच्याकडे पाहिलं.

"मावशी, सोमवारी सांगितलं असतं, तर तेव्हाच वेगळं सलाईन लावलं असतं. चार दिवस वाया गेले. आत्ता निघा. आशा आहे अजून, पण शब्द देत नाही मी."

अविराजने पिकअप दारात लावली. झुंबरने हौशाला उचललं आणि मागच्या हौद्यात त्याला मांडीवर घेऊन बसला. जयवंता पुढे न बसता त्याच्या समोर चढली. डेअरीपाशी गतिरोधकावर गाडी हळू झाली. संध्याकाळच्या दुधाची वेळ होती, कॅन घेऊन दहा-पंधरा माणसं उभी होती. रामहरी काटा सोडून रस्त्यावर आला आणि हौद्यात डोकावला.

"काय वैनी, केलं का कबूल ह्यानं?"

झुंबरने मान खाली घातली.

"ह्यानं कवाच केलं," जयवंता म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "ऱ्हायले ती मीच. अर्धं इख माज्या हातचं हाय, रामहरी. सांग समद्यांस्नी. आन् चार दिस दडवून ठेवलं, तेबी सांग."

अविराजने गाडी दामटली. हौशाने तिच्या आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं आणि टक्क उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिला. त्याला ती दिसत होती की नाही, हे तिला काही केल्या कळेना.