देवळाबाहेरचा डावा बूट

मी डावा बूट बोलतोय. उजवा इथंच माझ्या शेजारी आहे, पण तो पहिल्यापासून अबोल.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या एका दुकानात आन्यानं आम्हाला निवडलं. पांढरे, जाड तळाचे, नाडीऐवजी चिकटपट्टी असलेले. तिची आजी, प्रतिमाताई, त्या हिवाळ्यात बर्फावरून घसरली होती. डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. म्हणजे ज्या पायाची भीती, नेमका तोच माझ्या वाट्याला आला. प्रतिमाताई मला जमिनीला नुसतं टेकवायच्या आणि सगळा भार उजव्यावर टाकायच्या.

"आई, डॉक्टर म्हणतात, चालायलाच हवं," त्यांचा मुलगा केदार म्हणायचा. त्या हो म्हणायच्या आणि खिडकीशी बसून राहायच्या.

त्यांना उठवलं ते मदुराईनं.

त्यांचे यजमान विनयराव लग्नाआधी ऑफिसच्या कामासाठी मदुराईला जाऊन आले होते. पुढं नागपूरच्या घरी संध्याकाळी चहा घेताना ते बायकोला त्या गावाबद्दल सांगत बसायचे. देवळाभोवती एकात एक गुंफलेले रस्ते, दगडी खांबांच्या रांगा, मधोमध तळं, तळ्यात पांढरे हंस. आणि गाभाऱ्यात मीनाक्षी, "अगदी तुझ्यासारखी, मांडी घालून बसलेली." एकदा दाखवीन म्हणायचे. ते राहूनच गेलं. विनयराव गेले, आणि प्रतिमाताई मुलाकडे अमेरिकेत आल्या.

आन्यानं हे सगळं ऐकलं. "लेट्स गो देअर, आजी," ती म्हणाली. "बट फर्स्ट यू हॅव टु वॉक."

घरामागं एक तळं होतं आणि त्याच्याभोवती पाइनच्या झाडांतून जाणारी पायवाट. सकाळी तिच्यावर धुकं उतरलेलं असायचं. आजी-नात हात धरून निघायच्या. बाकापाशी आलं की आजी म्हणायची, "इथं फुलवाल्या बसतात." वळणावर म्हणायची, "इथून हत्ती येतो."

"हाऊ बिग?"

"आपल्या गॅरेजएवढा."

धुक्यात मला खरंच वाटायचं, की पुढच्या झाडामागं देवळाचं उंच गोपूर असेल. एका सकाळी आजी बोलण्यात इतकी रंगली, की तिचा सगळा भार माझ्यावर आल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र श्वास रोखून धरला होता.

२००७च्या डिसेंबरची तिकिटं काढली. निघायच्या आठवड्यात खुबा पुन्हा दुखायला लागला.

"आई, ट्रिप कॅन्सल करू या का?"

"कर. मग मी पुन्हा खिडकीशी बसेन. ते चालेल का तुला?"

केदारनं बॅगा भरल्या. ट्रिप झाली.

मदुराईत मला देवळाबाहेर थांबावं लागलं. आम्हा बुटांचं नशीबच तसं. मोगऱ्याचा वास येत होता, आतून सनईसारख्या नादस्वराचे सूर येत होते, आणि मला एकच काळजी होती. त्या गुळगुळीत दगडावर, अनवाणी, तो डावा पाय कसा टिकेल?

खूप वेळानं ते परतले. प्रतिमाताई पायरीवर बसल्या. तळव्याला ओलसर कुंकू लागलं होतं. मला जवळ ओढलं, पण पायात घातलं नाही. त्या स्वतःशीच हसत होत्या.

"काय झालं, आई?"

"अरे, देवी उभी आहे. हातात पोपट घेऊन. आणि तळ्यात हंस कुठले? बाबा आत कधी गेलेच नव्हते रे."

केदारनं दरवाजाजवळच्या वेळांच्या पाटीकडे पाहिलं. "दुपारी बंद असतं देऊळ. त्यांना कामातून वेळ मिळाला असेल तेव्हा दारं लागलेली असणार."

"सो ही मेड इट अप?" आन्यानं विचारलं. "आर यू मॅड?"

आजीनं जरा विचार केला. "नाही गं. बंद दारापाशी उभं राहून आत काय असेल ते त्यांनी मनातच बघितलं. मग माझ्याशी लग्न झालं, आणि देवीला माझ्यासारखं बसवलं." तिनं माझ्यावरची धूळ झटकली. "मी इतकी वर्षं त्या देवळात राहिले. आज हे दुसरंही बघितलं. दोन्ही माझीच."

मग तिनं मला पायात घातलं आणि कुणाचाही हात न धरता उभी राहिली.

आता माझा तळ झिजलाय. प्रतिमाताईंनी नवे बूट घेतलेत आणि त्या एकट्याच लायब्ररीपर्यंत जाऊन येतात. काल त्यांनी आम्हाला ओल्या फडक्यानं पुसलं आणि देणगीच्या पिशवीत ठेवलं. रडल्या वगैरे नाहीत. मलाही वाईट वाटलं नाही.

ज्या कुणाच्या पायात यापुढं जाईन, त्याला एवढंच सांगणं आहे. चिखलातून ने, कसाही वापर. पण कधीतरी मला एखाद्या दाराबाहेर काढून ठेव, आणि आत जा. घाई करू नकोस. मी थांबेन.