पुढे आवाज क्षीण

सोनलने कॅसेटच्या भोकात पेन्सिल खुपसली आणि सैल पडलेली फीत हलक्या हाताने गुंडाळायला घेतली. समोर बसलेली जुनेरा श्वास रोखून पाहत होती. फीत एका जागी चुरगळली होती. तिथे तुटली असती तर सगळंच संपलं असतं.

अलिबागच्या त्या वाचनालयात जिल्ह्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मुलाखतींच्या कॅसेटी कपाटभर पडून होत्या. त्यांची सूची इंटरनेटवर चढवायचं काम सोनलकडे आलं आणि तिने ते जीव ओतून केलं. घराण्याचा, गावाचा इतिहास शोधणाऱ्यांना घरबसल्या नीट ऐकता यावं म्हणून प्रत्येक मुलाखत तिने साफही केली. तांदळातले खडे निवडावेत तसे खोकले, कावळे, कपबशांचे आवाज काढून टाकले. काय काढलं ते मात्र सूचीत इमानाने लिहून ठेवलं. रेवसच्या अब्दुस्समद नाखवांच्या नोंदीखाली तिने लिहिलं होतं: 'मध्ये सुनेचे बोलणे, व्यत्यय म्हणून वगळले. पुढे आवाज क्षीण, फितीचा दोष. वाढवून घेतला आहे.'

माझगावला राहणाऱ्या जुनेराने ती ओळ मोबाइलवर वाचली आणि शाळेतली नोकरी एक दिवस बाजूला ठेवून भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली.

"नाखवांना एकच सून होती," आल्या आल्या ती म्हणाली होती. "माझी अम्मी. मी रांगतही नव्हते तेव्हा गेली. तिचे फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. तुम्ही कापलंत ते कुठाय, मॅडम?"

कापलेले तुकडे सोनलने कधीच पुसून टाकले होते. उरली होती ती मूळ कॅसेट, आणि तीही यंत्रात अडकून चुरगळलेली.

"वाजेलच असं नाही सांगता येत," फीत गुंडाळून झाल्यावर ती म्हणाली. "तुटली तर..."

"लावा."

सोनलने संगणक टिपून घ्यायला लावला आणि बटण दाबलं. नाखवांचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. बसऱ्याचा खजूर, परतीच्या वाटेवरचं तुफान. चुरगळलेल्या जागी तो घोगरा झाला, डगमगला. सोनलने डोळे मिटून घेतले. आणि मग एक तरणा, घाईतला आवाज आला.

"अब्बा, जरा हलू बोला ना! पोरगी आताच निजलीय. उठली तर तुमीच घेऊन बसा तिला."

कुणीतरी हसलं. मग नाखवा, एकदम खाली येऊन:

"बरं, बेटा, बरं. जा तू."

जुनेराने ओढणी तोंडात कोंबली. खांदे हलत होते, पण आवाज तिने होऊ दिला नाही.

नाखवा तुफानाचं सांगतच होते. डोलकाठी मोडली, एक माणूस पाण्यात गेला, त्याचं नाव घेऊन सगळे ओरडत राहिले. आणि हे सगळं ते कुजबुजत सांगत होते. सवयीने सोनलचा हात आवाज वाढवायला गेला आणि वाटेतच थांबला. किती वेळा तिने हे कानाला हेडफोन लावून ऐकलं होतं, किती वेळा त्या फितीला नावं ठेवली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, बरं वाटलं.

कॅसेट संपेपर्यंत दोघी यंत्रावर वाकून ऐकत राहिल्या.

"मोबाइलवर आजोबा ओरडून सांगतायत असं वाटतं," डोळे पुसत जुनेरा म्हणाली.

"ते मी केलं," सोनल म्हणाली. "आता ही चढवते. आहे तशी."

तिने नाखवांची नोंद उघडली. 'व्यत्यय' खोडला, 'दोष' खोडला. 'आवाज' या रकान्यात नाखवांच्या नावाशेजारी महेरुन्निसा हे अम्मीचं नाव जुनेराला विचारून घातलं. खाली लिहिलं: 'पुढील कथन हळू आवाजात. घरात बाळ निजले आहे.'

मग तिची बोटं थांबली.

"बाळाचं नाव घालायचं?"

आत कुणी जागं होईल की काय अशा हळू आवाजात जुनेरा म्हणाली, "घाला."