खाली बघणारा माणूस

आमच्या सुगंधाला सून म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती, पण एक खोड होती. काढायची तेवढं पुसायची. दुपारी भांडी आवरली की स्वयंपाकघरातल्या फरशीवर रांगोळीचा डबा घेऊन बसायची. बघता बघता एक चेहरा उठायचा, आणि मी "कोण गो हा?" म्हणेपर्यंत ओल्या फडक्याने साफ.

"जमलं नाही, आई."

"अगो, नाक आहे, कान आहेत. आता काय शेपूट लावायचं राहिलंय?"

त्यावर ती नुसती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अडुसष्ट सालच्या दिवाळीत भटवाडीतल्या आमच्या महिला मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये रांगोळ्यांचं प्रदर्शन भरवलं. मंडळाची चिटणीस अनुपमा मोठी हट्टी बाई. तिने परस्पर सुगंधाचं नाव घालून टाकलं आणि हॉलशेजारचा एक वर्ग तिला एकटीला दिला. झालं. चार दिवस स्वयंपाक उरकला की सून गायब. मी चंदरला म्हटलं, "बायको तुझी पुन्हा शाळेत जायला लागली रे."

प्रदर्शन उघडायच्या संध्याकाळी मी चकल्या तळत होते, तर अनुपमा धापा टाकत आली.

"मावशी, आधी चला. सुगंधा रांगोळी पुसायला निघालीय. बाहेर माणसं खोळंबलीत आणि ही आतून कडी लावून बसलीय."

माझं डोकंच फिरलं. घरात पुसलीस ते पुसलीस, आता चारचौघांत नाक कापतेस काय? स्टोव्ह बंद केला आणि तशीच पिठाच्या हातांनी निघाले. दार धडाधडा वाजवलं. सुगंधाने मला आत घेतलं आणि पुन्हा कडी लावली. डोळे रडून सुजलेले, हातात ते मेलं फडकं.

"आई, तुम्ही बघू नका."

"का नको?"

"मामंजींना काढलंय."

माझा राग तिथल्या तिथे बसला. हे जाऊन दोन वर्षं होत आली होती. सगळा जन्म गिरणीत गेला, पण फोटो म्हणून एक नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायचे. नाही काढला, तरी गेलेच. भिंतीवर हार घालायला आमच्याकडे काही नव्हतं, आणि ते मला किती लागायचं हे मी कुणाला बोलले नव्हते.

"तुमच्यासाठीच काढत होते इतके दिवस," ती म्हणाली. "पण हे ते नाहीत, आई. मी त्यांच्याकडे मान वर करून कधी बघितलंच नाही. डोक्यावर पदर, नजर जमिनीला. वाढताना दिसले असतील तेवढेच. डोळे कसे होते तेच ठाऊक नाही, म्हणून खाली बघताना काढले. लोक म्हणतील, डोळे जमेनात म्हणून पापण्या पाडल्या. आणि खरंच आहे ते. मला पुसू द्या."

"आण ते फडकं इकडे. मी बघते. ते नसले तर मीच पुसते."

पंखे बंद, खिडक्या बंद. दारातून नुसते रंगाचे ढीग दिसत होते, कारण चित्राची डोक्याची बाजू आमच्याकडे होती. मी लुगडं आवरून भिंतीला घासत पलीकडे गेले आणि वळून बघितलं.

हे पाटावर बसले होते. अंगात गंजीफ्रॉक, कानाशी केसांत अडकलेला कापूस. उजवा हात भातात, घास कालवून होत आलेला. मिशीचं एक टोक ओलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. फुंकर मारली तर उडेल अशी ती पूड, आणि तिच्यात गळ्याची घाटी आता हलेल अशी दिसत होती. हात जोडावेसे वाटले. पण कोणाला, त्यांना की हिला, तेच कळेना.

डोळे कसे होते म्हणे! मला तरी कुठे ठाऊक होते? कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. घरी आले की जेवायचे आणि आडवे व्हायचे. समोर बसलेले दिसायचे ते मी वाढायला वाकले की, आणि तेव्हा त्यांची नजर ताटात. एवढ्या संसारात माझा नवरा मला असाच दिसला होता. ती जे चुकलं म्हणत होती, तेच ते होते.

"आई," मागून सुगंधाचा आवाज आला, "पुसू ना?"

मी तिला झापायला तोंड उघडलं. पण मी तिच्याकडे बघतच नव्हते.

"भात वाढू आणखी थोडा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

 सुगंधाने पदराने डोळे पुसले आणि जाऊन दाराची कडी काढली.