आठ तासांचे अंतर

“विमानाला आठ तास लागतात, मध्ये एकदा बदलावं लागतं, आणि आईला ते झेपणार नाही.” धाकट्या भावाचे हे अधिकृत निवेदन होते. अधिकृत अशासाठी, की चार वर्षांत त्यातला एक शब्दही हलला नव्हता.

प्राध्यापिकेने जेवणाच्या टेबलावरची ताटे सरकवली, नकाशांचे पुस्तक उघडले आणि आपल्या आणि भावाच्या शहरामध्ये दोरा ताणून तो खालच्या मापाशी लावून पाहिला. जेमतेम पंधराशे किलोमीटर. तेवढ्यासाठी आठ तास घेणारे विमान हवेत टिकते कसे, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा होता. तिच्यापुढचा प्रश्न भावाच्या चारित्र्याचा होता.

तिची हयात बनावट ताम्रपट उघडे पाडण्यात गेली होती. खरा मजकूर कुठेतरी अडखळतो, खोटा कधीच अडखळत नाही, हे ती विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावत असे. घरातला असा मजकूर मात्र तिने इतकी वर्षे निमूटपणे खरा मानला होता. गेल्या आठवड्यात विभागातला एक सहकारी भावाच्याच शहरात भाषण ठोकून दुसऱ्या दिवशी तासाला हजर झाला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. “थेट विमान आहे की, मॅडम. डोळा लागतोय तोवर उतरलोसुद्धा.” मग तिने डॉक्टरांना गाठले. त्यांनी आईला खुशाल पाठवा म्हणून सांगितले.

परदेशातल्या एका ग्रंथालयाने तिला सहा महिन्यांसाठी बोलावले होते. होकार उद्या कळवायचा होता. आईला एकटे ठेवून जाता येत नव्हते, त्यामुळे आधीची दोन आमंत्रणे या आठ तासांनीच गिळली होती. तिसरे गिळले, तर चौथे येण्याचे तिचे वय उरले नव्हते.

आई पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. प्राध्यापिकेने तिच्याजवळ येऊन भावाला फोन लावला आणि तिलाही ऐकू जावे म्हणून तो स्पीकरवर टाकला.

“किती तास लागतात रे तुझ्याकडे यायला?”

“ताई, सांगितलंय ना. आठ.”

“विमान काय ढकलत नेतात?”

“मध्ये बदलावं लागतं ना, ताई.”

“थेट विमान आहे. अडीच तासांचं. डॉक्टर हो म्हणालेत. आई कोणाला नकोय, तुला की तुझ्या बायकोला?”

“तिला यात ओढू नकोस.”

“मग कोणाला ओढू? वैमानिकाला?”

भाऊ खाकरला. “आई आहे का तिथे?”

“विषय बदलू नकोस.”

“नाही बदलत.” त्याचा आवाज एकदम लहान झाला. “आई, सांगू का गं?”

आईने उशीच्या अभ्र्याची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. इतका वेळ फोनकडे रोखून पाहणाऱ्या प्राध्यापिकेने हळूहळू मान वळवली.

“त्याला बोलू नकोस,” आई म्हणाली. “आठ तास सांग, असं मीच म्हटलं होतं त्याला. तिकडे सगळे गोड बोलतात गं, पाणीसुद्धा हातात आणून देतात, आणि मी आपली पाहुणीसारखी बसून राहते. इथे तू माझ्यावर खेकसतेस, मी तुझ्यावर. तुझं जाणं अडतंय, हे मला कळत होतं. दोन्ही वेळा कळत होतं. तरी मी गप्प बसले.”